हसणाऱ्याचे हसे : ज्यू विनोदाविषयी थोडेसे

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी सुरतेस गेलो होतो. सुरत म्हटले की आपल्याला शिवाजीमहाराजांची स्वारी, जर आणि घारी आठवते. माझे धाकटे काका ज्या सुरतेत राहतात तिथे यांपैकी काहीही नाही. ती सुरत म्हणजे पांडेसरा. उधन्याच्या पलीकडची औद्योगिक वसाहत, साड्यांचे कापड रंगवण्याच्या व छापण्याच्या गिरण्या, धुराडी, आणि गिरण्यांत राबणाऱ्यांच्या खोल्या. या खोल्यांत खानदेशातली माणसे आहेत, ओरिसातल्या गंजाम जिल्ह्यातली आहेत, उत्तर प्रदेश-बिहारमधली आहेत. काका मूळचे आमच्या वडगावचे विणकर. आमच्याकडच्या मागांना सूत सुरतेहून येते. तेव्हा सूत जिथून येते तिथे आपणच जाऊन बसलो तर वाहतुकीचा खर्च वाचेल, म्हणून आपण सुरतेस आलो, असे ते सांगतात. खरे कारण असे की साडीला भाव उरला नाही आणि दोन्ही माग विकावे लागले. पण काकांना विचाराल तर ते वाहतुकीच्या खर्चाचेच सांगतील.

काकांच्या शेजारच्या खोलीतले एक गृहस्थ हिऱ्यांच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस आहेत. त्यांच्या तोंडी मी एक शब्द ऐकला, 'मझल'. सौदा पक्का झाला की म्हणायचा हा शब्द. मी तो गुजराती असावा असे समजलो. चौकशी केली तेव्हा कळले की तो हिब्रू आहे. 'मझल' म्हणजे नशीब, आणि पूर्ण शब्दप्रयोग 'मझल उब्राखा', म्हणजे नशीब आणि आशीर्वाद. अँटवर्पच्या आणि तेल अवीवच्या हिरेबाजारात ज्यू व्यापाऱ्यांचे पिढ्यानपिढ्या वर्चस्व होते; तिथे लेखी करार न करता हातात हात घालून एवढे दोन शब्द उच्चारले की लाखोंचा व्यवहार पुरा होत असे. पुढे पालनपूरचे जैन आणि काठियावाडचे पटेल त्या धंद्यात शिरले आणि त्यांच्याबरोबर हा शब्दही सुरतेस आला. पांडेसऱ्याच्या जिन्यात, गिरणीच्या राखेने काळ्या पडलेल्या कठड्याला टेकून, मी जुन्या करारातल्या भाषेतला शब्द ऐकत होतो. मौज वाटली.

या 'मझल'ला एक धाकटे भावंड आहे, 'श्लिमाझल'. पूर्व युरोपातले ज्यू बोलत त्या यिडिश भाषेत 'श्लिम' म्हणजे वाईट. ज्याचे नशीबच फुटके तो श्लिमाझल. त्याचा जोडीदार 'श्लेमील', म्हणजे जात्या वेंधळा. लिओ रॉस्टन यांनी यिडिश शब्दांवर १९६८ साली एक गमतीदार कोश प्रसिद्ध केला. तिथे या दोघांतला भेद सांगताना ज्यूंची जुनी व्याख्या दिलेली आहे : हातातले सूप जो सांडतो तो श्लेमील, आणि ते नेमके ज्याच्या मांडीवर सांडते तो श्लिमाझल. दुर्दैवी माणसांची इतकी बारीक वर्गवारी करणारी भाषा कोणाची असेल, याचा विचार मनात आला आणि सुटी संपवून परत आल्यावर मी ग्रंथालयात या विषयाच्या मागे लागलो.

आपल्याकडेही श्लेमील आहेच. चिं. वि. जोश्यांचा चिमणराव आठवा. गाडी चुकणारा, छत्री विसरणारा, बायकोसमोर बढाई मारून लगेच तोंडघशी पडणारा. चिं. वि. स्वतः बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक होते, म्हणजे तेही गुजरातेतले मराठी. परमुलखात राहिलेल्या माणसाला स्वतःच्या जातभाईंकडे जरा बाजूने पाहता येते, हे त्याचे एक कारण असेल काय? मला तसे वाटते, पण हट्ट धरत नाही. आमच्या कन्नड विभागातल्या मित्रांना मी बीचींच्या तिम्माची आठवण देईन. आणि पु. लं.च्या रावसाहेबांविषयी बेळगावकरांना मी काय सांगावे!

मग ज्यूंच्या विनोदात निराळे ते काय? सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ साली विनोदावर एक ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे ज्यू चुटके जमवले होते. त्यांचे एक निरीक्षण असे की, परक्यांनी ज्यूंवर रचलेले विनोद बहुधा ओबडधोबड असतात. खुद्द ज्यूंनी स्वतःवर रचलेल्या विनोदांत मात्र आपले खरे दोष माहीत असल्याची खूण असते, आणि त्या दोषांशी जडलेल्या गुणांचीही. स्वतःच्या स्वभावाची एवढी थट्टा करणारा दुसरा समाज असेल की नाही, याची फ्रॉइडना शंका होती.

दोनतीन चुटके सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल.

एका निर्जन बेटावर एक ज्यू अनेक वर्षे एकटा अडकून पडलेला असतो. अखेर जहाज येते. कप्तान पाहतो तर या एकट्या माणसाने दोन प्रार्थनामंदिरे बांधलेली. "दोन कशाला?" कप्तान विचारतो. "हे माझे नेहमीचे. आणि त्या दुसऱ्याची मी पायरीसुद्धा चढणार नाही!" हा चुटका मी पांडेसऱ्यात काकांना सांगितला. ते म्हणाले, "हे आमच्या गणपती मंडळाचं झालं की रे!"

दुसरा. एक आजी नातवाला घेऊन समुद्रावर जाते. लाट येते आणि पोराला ओढून नेते. आजी आकाशाकडे हात करून देवाचा धावा करते. तेवढ्यात दुसरी लाट येते आणि पोराला अलगद वाळूवर आणून ठेवते. आजी त्याला वरपासून खालपर्यंत निरखते, आणि पुन्हा आकाशाकडे पाहून म्हणते, "याच्या डोक्यावर टोपी होती!" देवाशी असे हिशेबाने बोलणे आपल्याला परके नाही, विठोबाशी भांडणारी भक्ती आपल्याच घरची आहे.

तिसरा मात्र निराळा. तो हिटलरच्या काळातल्या जर्मनीतला. बागेतल्या बाकावर एक ज्यू नाझींचे वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो. मित्र चिडून विचारतो, "ही घाण कशाला वाचतोस?" तो म्हणतो, "आपली वर्तमानपत्रे वाचली की दुकाने फोडली, माणसे धरून नेली, याखेरीज काही नसते. हे वाचले की कळते, सगळ्या बँका आपल्या, सरकारे आपल्या खिशात, जगावर राज्य आपले! मन कसे प्रसन्न होते."

पहिल्या दोन चुटक्यांना आपण लगेच हसतो. तिसऱ्याला हसताना घसा थोडा आवळतो. तो चुटका सांगणाऱ्याने कोणती बातमी आधी ऐकली असेल, हे आपल्याला माहीत असते.

या विनोदाची जन्मभूमी म्हणजे रशियन साम्राज्याचा पश्चिम भाग व पोलंड. झारच्या सरकारने ज्यूंना राहण्यासाठी १७९१ पासून ठरावीक प्रदेश आखून दिला होता. त्याबाहेर वस्ती करण्यास सर्वसाधारणपणे बंदी. या प्रदेशातल्या गावोगावी लग्नात 'बादखन' नावाचा विदूषक असे. त्याने वधूला रडवायचे आणि वऱ्हाडाला हसवायचे. पुरीमच्या सणाला सोंगे काढून नाटके होत आणि त्या दिवशी मोठ्यांची टिंगल करण्याची मुभा असे. आपली धुळवडच म्हणा. खेल्म हे पोलंडातले खरेखुरे गाव, पण दंतकथांत ते मूर्खांचे गाव झाले. खेल्मच्या शहाण्यांनी पाण्याच्या पिपात चंद्र दिसला म्हणून झाकण लावून तो पकडून ठेवला, अशी एक कथा आहे. नदी ओलांडल्यावर स्वतःला वगळून मोजणारे आणि 'दहावा बुडाला' म्हणून रडणारे आपल्या वेदान्तातले दहा जण या गावी सुखाने नांदले असते.

याच मातीतून शोलेम आलेइखेम (१८५९–१९१६) हा लेखक आला. त्याचा तेव्ये हा गरीब दूधवाला सात मुलींचा बाप आहे, शास्त्रवचने अर्धीमुर्धी उद्धृत करतो आणि देवाशी घरच्या माणसासारखा वाद घालतो. १९६४ साली या कथांवरून न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'फिडलर ऑन द रूफ' हे संगीत नाटक आले आणि जगभर गेले.

१८८१ नंतर रशियात ज्यूंच्या कत्तली सुरू झाल्या. तेव्हापासून पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे वीस लाख ज्यू पूर्व युरोप सोडून अमेरिकेत गेले. पुढची कथा पिढ्यांची आहे. पहिल्या पिढीची पोरे न्यूयॉर्कच्या चाळींत वाढली आणि स्वस्त नाट्यगृहांत नकला करू लागली. मार्क्स बंधूही अशाच नाट्यगृहांतून पुढे आले. बड्या हॉटेलांत ज्यूंना प्रवेश मिळेना, म्हणून कॅट्सकिल डोंगरात ज्यूंनी आपली हॉटेले काढली, आणि तिथे पाहुण्यांना दिवसभर हसवत ठेवण्यासाठी पोरे नोकरीस ठेवली. डॅनी के, जेरी लुईस, सिड सीझर, मेल ब्रूक्स यांनी तिथे उमेदवारी केली. म्हणजे दार बंद करणाऱ्यांनी नकळत एक शाळाच काढून दिली! १९७८ साली 'टाइम' साप्ताहिकाने एका मानसशास्त्रज्ञाचा अंदाज छापला होता की लोकसंख्येत ज्यू शेकडा तीन, पण धंदेवाईक विनोदी नटांत शेकडा ऐंशी. हा अंदाज किती काटेकोर ते सोडा. निम्मा धरला तरी आश्चर्य उरतेच.

एकच विनोद पिढ्यांतून कसा चालत येतो याचे एक उदाहरण पाहा. जो क्लब माझ्यासारख्याला सभासद करून घेईल त्या क्लबात मला जायचे नाही, अशा अर्थाची ग्राऊचो मार्क्सची उक्ती प्रसिद्ध आहे. वुडी ॲलनने १९७७ सालच्या 'ॲनी हॉल' चित्रपटाच्या आरंभीच ती सांगितली, आणि ती मुळात फ्रॉइडच्या ग्रंथातली असावी अशी पुस्तीही जोडली. क्लबाने बाहेर ठेवल्याचे दुःख पहिल्या पिढीचे. तिसऱ्या पिढीला क्लबाने आत घेतले होते, तरी स्वतःविषयीची शंका गेली नव्हती. त्यानंतरच्या 'साइनफेल्ड' या मालिकेत (१९८९ ते १९९८) चार मित्र उपाहारगृहात बसून क्षुल्लक गोष्टींवर कीस काढत राहतात. छळ संपला, गरिबी संपली. पण कीस काढण्याची सवय शिल्लक.

जाता जाता, चार्ली चॅप्लिन ज्यू होता असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. तो ज्यू नव्हता. मात्र १९४० सालच्या 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये हुकूमशहा आणि ज्यू न्हावी या दोन्ही भूमिका त्यानेच केल्या. हिटलरला हास्यास्पद करण्याचे काम पुढे मेल ब्रूक्सने आयुष्यभर केले. दुसऱ्या महायुद्धात तो स्वतः युरोपात सैनिक होता.

आता आपल्या घराकडे वळू. कारण आपल्या महाराष्ट्रात ज्यू आहेत, आणि त्यांची मातृभाषा मराठी आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली व त्यांच्यापासून वंश वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत समजूत. कुलाबा जिल्ह्यात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावे चेऊलकर, पेणकर, दिवेकर, केहीमकर अशी, गावांवरून. ते यिडिश बोलत नव्हते. त्यांनी जुन्या करारातल्या कथांवर मराठीत कीर्तने रचली.

सुरतेतही ज्यू होते, पण ते अरबी बोलणारे व्यापारी. त्यांतला शालोम कोहेन हा मूळचा अलेप्पोचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेत व्यापार करून तो १७९८ साली कलकत्त्यास गेला आणि तिथल्या ज्यू वसाहतीचा आद्य पुरुष ठरला.

बेने इस्रायलांचा विनोद कसा? हिंदी चित्रपटांतले डेव्हिड आठवा. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. टक्कल, ठेंगणी मूर्ती, डोळ्यांत मिस्किली. १९५४ सालच्या 'बूट पॉलिश'मधला अनाथ पोरांचा जॉन चाचा त्यांनी केला. 'चुपके चुपके'मध्ये (१९७५) ते हरिपद भैया, 'गोलमाल'मध्ये (१९७९) नायकाला खोटे बोलायला शिकवणारे मामा. या विनोदात कडवटपणाचा थेंब नाही. हे मामा आपल्याच आळीत राहतात असे वाटते, आणि ते ज्यू आहेत हे प्रेक्षकाच्या ध्यानातही येत नाही. माझ्या मते हीच महत्त्वाची गोष्ट. विनोदाला धार येते ती रक्तातून येत नसून परिस्थितीतून येते. कोकणात घाणा चालवणाऱ्या शनवार तेल्याला शेजाऱ्यांनी जाळले नाही, हुसकून लावले नाही; म्हणून त्याचा विनोद मामाचा विनोद राहिला.

तरी वेगळेपणाची टोचणी अगदीच नव्हती असे नाही. निसिम एझिकेल (१९२४–२००४) हे इंग्रजीत लिहिणारे मुंबईचे बेने इस्रायल कवी. शाळेत इतर धर्मांच्या मुलांत एकटा पडलेला ज्यू मुलगा त्यांच्या आत्मचरित्रात्मक कवितेत येतो, आणि त्या मुलाकडे कवी कीव न करता तिरकस नजरेने पाहतो. आपल्याकडच्या इंग्रजीची त्यांनी कवितेत केलेली थट्टा काहींना झोंबली. वरून हसतो आहे अशी तक्रार झाली. मला ती पूर्ण पटत नाही, पण पूर्ण सोडूनही देता येत नाही. बेळगावकरांसाठी एक गोष्ट : आपल्या इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेणाऱ्या दोघांपैकी एक एझिकेल होते, दुसऱ्या वृंदा नाबर.

स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज पुढे बहुतेक इस्रायलला गेला. तिथेही मराठी राहिली; 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तिथून निघत असे. आणि ताजी पिढी पाहायची तर सॅमसन कोलेटकर हे मुंबईत वाढलेले बेने इस्रायल गृहस्थ अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात रंगमंचावर एकटे उभे राहून विनोद सांगतात. त्यांच्या कार्यक्रमाचे नाव 'महात्मा मोझेस'. भारतात अल्पसंख्य, ज्यूंत अल्पसंख्य, अमेरिकेत पुन्हा अल्पसंख्य. चेऊलकर मामांना जी धार लागली नाही ती कोलेटकरांना समुद्र ओलांडल्यावर सापडली.

इथे मला पांडेसऱ्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती माझ्या कमीपणाची आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मी दोन वर्षे नकलांचे बक्षीस मिळवले आहे. निरनिराळ्या प्रांतांतल्या माणसांच्या बोलण्याच्या नकला. सुरतेस गेल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी काकांच्या चाळीच्या गच्चीवर मला आग्रह झाला. तिथे गंजामचे विणकर दाटीने राहतात. एका अंथरुणावर दिवसपाळीचा माणूस रात्री झोपतो आणि रातपाळीचा दिवसा. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यांच्याविषयी एक चुटका ऐकला होता, तो मी त्यांच्याच बोलण्याची नक्कल करून हिंदीत सांगितला. त्यांच्यात मुलगी देताना विचारतात म्हणे, की अंथरूण दिवसाचे मिळणार की रात्रीचे. दोघे-तिघे हसले. कठड्याशी बसलेला गंजामचा एक विणकर उठला, चहाचा पेला विसळून पालथा घातला आणि खाली गेला. काका म्हणाले, "बस्स कर आता." घरात काकांनी मला तसे कधी म्हटलेले नाही.

तीन दिवसांनी पुन्हा गच्चीवर सगळे जमले. मी गप्प होतो. तोच विणकर आपणहून बोलू लागला. "पाच वर्षं आम्ही दोघं एका उशीवर झोपतो," तो म्हणाला. "मी येतो तेव्हा तो गेलेला असतो. तोंड कधी पाहिलं नाही. यंदा गावी एका लग्नात शेजारी एक माणूस बसला. मी ओळखलं. कसं? डोक्याच्या तेलाच्या वासावरून. म्हटलं, भावा, तू तोच. तर तो म्हणतो, आणि उशी ओली करून ठेवणारा तू काय?"

सगळी गच्ची हसली. खानदेशातले हसले, काका डोळे पुसेपर्यंत हसले. चुटका तसा माझाच होता : तेच अंथरूण, त्याच दोन पाळ्या. मी हसू की नको, हे मला पटकन ठरवता आले नाही. फ्रॉइडसाहेबांचे ते निरीक्षण मी पुढे ग्रंथालयात वाचले तेव्हा मला ते वाचल्यासारखे वाटले नाही, आठवल्यासारखे वाटले.

कोणी म्हणेल, मग काय मारवाड्याने मारवाड्यावर आणि ब्राह्मणाने ब्राह्मणावरच विनोद करावा? तसे नव्हे. आपल्या तमाशातला सोंगाड्या राजाची टर उडवतो, आणि पिढ्यानपिढ्या तो सोंगाड्या गावकुसाबाहेरच्या जातीतला असे. 'गाढवाचं लग्न'मधला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार दरबारात जाऊन जे बोलतो ते खालून वर बोललेले असते. वरून खाली तेच बोलले तर ती शिवी होते. आणि स्वतःवर हसण्यातही धोका नाही असे समजू नये. शेजाऱ्याला आवडावे म्हणून आपल्याच माणसांची नालस्ती करणारे विनोदही असतात. अमेरिकेतल्या काही ज्यू विनोदकारांवर त्यांच्याच समाजाने हा आरोप केलेला आहे. सीमाभागातल्या आपण मंडळींनी ही रेघ रोज पाहिलेली आहे. कन्नड मित्राने माझ्या कन्नडची नक्कल केली तर मी हसतो, कारण मी त्याच्या मराठीची करतो. बसवाहकाने केली तर हसत नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी चिटणिसांनी पुन्हा माझे नाव घातले आहे. काय करावे, अजून ठरलेले नाही. काकांचा वाहतूकखर्च सांगता येईल.

हा लेख देण्यापूर्वी मी काकांना दूरध्वनी करून विचारले, तुमच्याविषयी लिहू का? ते म्हणाले, "लिही की बे. पण नाव घालू नको, आमचा मुकादम वाचंल." मी म्हटले, "काका, तुमच्या मुकादमाला मराठी कुठे येते?" "मराठी नाही रे," काका म्हणाले, "पण तो विजापूरचा आहे, आणि तुमच्या अंकात कन्नड विभाग आहे म्हणालास न्हवं!"

मग त्यांनी फोन त्या विणकराकडे दिला. मी चुटका छापण्याची परवानगी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. पाठीमागे मागांचा खडखडाट ऐकू येत होता.

"लिहा," तो म्हणाला, "पण पाच वर्षं नका लिहू. आता सहा झाली."